गोल्फच्या फोर्ज्ड आयर्नचा नवा सेट: पहिले दोन महिने कसे काढावेत

फोर्ज्ड (घडीव) आयर्नचा, म्हणजे पात्यासारख्या धातूच्या डोक्याच्या क्लबचा, नवा सेट घेऊन पुण्यात पहिल्यांदा गोल्फ कोर्सवर उतरलो तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. पिन, म्हणजे होलमधला झेंडा, दीडशे यार्डांवर; वर्षानुवर्षांचा माझा सेव्हन आयर्न (सात नंबरचा क्लब). बॉल मधोमध लागला, इतका अलगद की हाताला काही जाणवलंच नाही. आणि तो ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, जाऊन पडला. बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, शॉट एक नंबर, क्लब चुकला."

त्याचं अगदी खरं होतं. आमच्या रविवारच्या चौकडीत गेल्या दोन वर्षांत तिघांनी आयर्न बदलले आणि तिघेही एकाच जागी अडखळले. क्लबच्या तळावरचा आकडा ओळखीचा, पण क्लब वेगळा. म्हणून हा बदल करायचा असेल तर कोणत्या क्रमाने करावा, ते सविस्तर लिहितो.

आधी "फोर्ज्ड" म्हणजे काय घेताय ते पाहा

घडीव आणि ओतीव, एवढाच मूळ फरक. ओतीव आयर्नमध्ये मेणाच्या नमुन्यावर साचा करून त्यात वितळलेलं स्टील ओततात. ते बहुतेक कडक स्टेनलेस असतं. घडीव आयर्न मऊ कार्बन स्टीलचे. १०२० किंवा १०२५ असे त्या स्टीलचे क्रमांक ऐकायला मिळतात. त्यात कार्बन साधारण ०.२ ते ०.२५ टक्के असतो. सळीचा तुकडा लालभडक तापवून साच्यात दाबतात, कडेला आलेलं जास्तीचं धातू कापतात आणि मग घासून आकार देतात. मिझुनोचे फोर्ज्ड आयर्न हिरोशिमात असे घडतात.

पण दुकानात "फोर्ज्ड" या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू मांडलेल्या असतात. टेलरमेडचा पी७९० फोर्ज्ड म्हणून विकला जातो, पण आतून पोकळ आहे, त्यात फोम भरलेला असतो आणि त्याच्या सेव्हनचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन; तो कमी तर बॉल लांब) ३०.५ अंश आहे. टायटलिस्टच्या टी१०० चा सेव्हन ३४ अंशांचा. दोन्ही फोर्ज्डच, पण एकाच हातातून बॉल वेगळ्या अंतरावर जाणार. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो लॉफ्टचा. मऊपणाचं नंतर बघू.

मऊपणाबद्दल एक सांगतोच. सरावाच्या रेंजवर मी कानात कापसाचे बोळे घालून जुना आणि नवा क्लब आलटून पालटून मारून पाहिला. निम्मा मऊपणा तिथेच गेला. हाताला जे वाटतं त्यात आवाजाचा वाटा फार मोठा आहे. पैसे मोजण्याआधी हा प्रयोग जरूर करा. त्यानंतरही क्लब आवडला तर बिनधास्त घ्या.

दोन्ही सेटचे लॉफ्ट शेजारी शेजारी लिहा

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सेटचा तक्ता असतो. वहीत दोन रकाने पाडा. माझं चित्र असं होतं: जुना फाइव्ह २२ अंश, नवा २७. जुना सेव्हन २८.५, नवा ३४. जुनी पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा, जास्त लॉफ्टचा क्लब) ४३, नवी ४६. म्हणजे नवा सेव्हन हा जुना एट होता, आणि थोडा वरच.

आता फटी शोधा. वरच्या बाजूला माझा हायब्रिड (लांब आयर्नऐवजी वापरायचा क्लब) १९ चा आणि त्याच्यानंतर थेट २७ चा फाइव्ह आयर्न. मधे आठ अंशांचं भगदाड. खालच्या बाजूला जुनी गॅप वेज ४८ ची, म्हणजे नव्या पिचिंगला जवळजवळ चिकटलेली. ती ओतीव, कडक स्टीलची असल्याने वाकवणं धोक्याचं होतं, म्हणून ५० ची नवी घेतली आणि वेजेस ४६, ५०, ५४ अशा सारख्या अंतरावर बसल्या. वरचं भगदाड २३ च्या हायब्रिडने बुजवलं. १४ क्लबच्या मर्यादेत बसवायला ६० ची वेज घरी ठेवावी लागली. जीव थोडा तुटला, पण राउंडमध्ये तिची गरज किती वेळा पडत होती ते मोजलं तेव्हा निर्णय सोपा झाला.

नव्या सेटचे लॉफ्ट वाकवून जुन्याइतके करून घेऊ, हा विचार मनात येतोच. करू नका. लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही (क्लबला जमिनीत रुतू न देणारा तळाचा कोन) साधारण तेवढाच कमी होतो आणि क्लब जमिनीत रुतायला लागतो. पावसाळ्यातल्या आपल्या भुसभुशीत फेअरवेवर तर हे पहिल्याच दिवशी कळेल.

लाय अँगल तपासून घ्या, आणि हे टाळू नका

इथे मी चुकलो. सेट खोक्यासकट उचलून आणला. दुकानात कुणी लाय (क्लबचा दांडा आणि तळ यांमधला कोन) तपासला नाही, मीही विचारलं नाही. दीड महिना चांगले लागलेले शॉट ग्रीनच्या डावीकडे जात राहिले आणि मी स्विंगला दोष देत बसलो.

तपासणी घरच्या घरी होते. मुलांचं व्हाइटबोर्डचं मार्कर घ्या. बॉलवर एक जाड उभी रेघ ओढा, ती क्लबकडे तोंड करून ठेवा आणि सरळ शॉट मारा. रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. ठसा खाचांशी काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे दांड्यापासून लांबच्या टोकाकडे झुकलेलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जाणार. शाफ्टकडे, म्हणजे दांड्याकडे, झुकलं असेल तर क्लब जास्त आडवा, बॉल उजवीकडे. एका ठशावर विसंबू नका, सहा-सात घ्या. माझे सगळे ठसे टोच्या बाजूला कलले होते.

इथे घडीव स्टीलचा खरा फायदा मिळतो. फिटरने (क्लब खेळाडूच्या मापाला जुळवून देणारा) यंत्रात धरून प्रत्येक क्लब दोन अंश आडवा केला, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं लागली. कडक ओतीव क्लबबाबत फिटर इतक्या सहज हात घालत नाहीत.

अंतर नव्याने मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. रेंजचे बॉल बहुधा जुने, घासलेले आणि कमी अंतर जाणारे असतात, त्यांच्यावर आकडे ठरवू नका. लाँच मॉनिटर (बॉलचं अंतर मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण स्वतःचे बॉल घेऊन जा. नाहीतर संध्याकाळी कोर्स रिकामा असताना परवानगी घेऊन एकाच जागेवरून दहा-दहा बॉल मारा.

दहापैकी सगळ्यात लांब गेलेला आकडा लिहायचा मोह होतो. आमच्या चौकडीतल्या एका काकांनी तेच केलं आणि पुढचे दोन महिने प्रत्येक ग्रीनला ते तोकडे पडत राहिले. दहा शॉट लांबीप्रमाणे लावा आणि मधला आकडा घ्या. तोही बॉल हवेतून जिथे पहिल्यांदा टेकला तिथपर्यंतचा, घरंगळून थांबला तिथपर्यंतचा नव्हे. जास्त लॉफ्टमुळे बॉल उंच जातो आणि पडल्यावर लवकर थांबतो, त्यामुळे जुन्या सेटची घरंगळण्याची सवय मोडावी लागते. ग्रीनवर बॉल धरून राहतो हे सुख मात्र पहिल्या आठवड्यातच मिळतं.

मी प्रत्येक शाफ्टवर ग्रिपखाली पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर फक्त यार्ड लिहिले: १३७, १२६, ११५. तळावरचा ७, ८, ९ बघायचाच नाही, पट्टी बघायची. महिन्याभराने पट्ट्या काढल्या.

चेंबूरला किंवा खारघरला खेळायला जाणार असाल तर आणखी एक हिशेब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे दीडशे जाणारा बॉल तिथे दोन-तीन यार्ड कमी जातो.

चुकलेले शॉट वाचायला शिका

त्याच मार्करने क्लबचं तोंड रंगवा आणि पाच बॉल मारा. जिथे रंग उडाला तिथे बॉल लागला. जाड कडेच्या मोठ्या ओतीव क्लबमध्ये टोच्या बाजूला किंवा खाली लागलेला शॉटही बऱ्यापैकी अंतर जातो. लहान डोक्याच्या घडीव क्लबमध्ये तोच शॉट पंधरा-वीस यार्ड कमी भरतो, आणि थंडीच्या सकाळी बोटं झिणझिणतात. रंग जवळजवळ रोज एकाच बाजूला उडत असेल तर प्रशिक्षकाकडे जा, तो ठिपका त्याला दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्याला त्यातून जास्त कळतं.

बॉल उजवीकडे सुटायला लागला तर घाबरू नका. जुन्या सेटमध्ये ऑफसेट जास्त असतो, म्हणजे क्लबचं तोंड शाफ्टच्या रेषेच्या थोडं मागे असतं, आणि ते तोंड बंद व्हायला वेळ देतं. नव्यात तो आधार कमी. आमच्यातल्या एकाचा वर्षानुवर्षं लपलेला स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) असाच बाहेर आला. त्याने ग्रिप थोडी "स्ट्राँग" केली, म्हणजे दांड्यावर हात जरा उजवीकडे फिरवून धरले, महिनाभर अर्ध्या स्विंगने खेळला आणि आता तो बॉल छान सरळ मारतो.

लांब आयर्न जमत नसतील तर फोर आणि फाइव्हचा हट्ट धरू नका. सिक्सपासून खाली घडीव आणि वर हायब्रिड, ही जोडी वीकेंडला खेळणाऱ्याला फार मानवते.

सांभाळायचं कसं

मऊ स्टील वाकवता येतं, तसं ते खेळता खेळता स्वतःही वाकतं. कडक जमिनीवर, मॅटवर रोज मारलं तर लॉफ्ट आणि लाय हळूहळू सरकतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू होण्याआधी, फिटरकडून सगळे क्लब मोजून घ्या. बॅगेत क्लब एकमेकांवर आपटून बारीक खड्डे पडतात; खेळावर त्याचा परिणाम होत नाही, पण डोळ्याला खुपत असेल तर कव्हर घाला.

गंज मात्र लक्ष ठेवण्यासारखा आहे. क्रोमचा थर शाबूत आहे तोवर चिंता नाही, पण तळ घासून किंवा दगड लागून थर उडाला की आतलं कार्बन स्टील जुलैच्या हवेत दोन दिवसांत तांबूस होतं. राउंड झाल्यावर खाचांमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि उघड्या जागेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. ओली कव्हरं क्लबवर चढवून बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरी आणा, क्लब बाहेर काढा आणि पंख्याखाली रात्रभर उभे ठेवा.