मृगाच्या आधी इमारत बघून घ्या

आमची सोसायटी कोल्हापुरात, नागाळा पार्कात. चोवीस फ्लॅट, खाली पार्किंग. गेली सहा वर्षं मी सेक्रेटरी आहे. वर्षातनं दोनदा, मृग लागायच्या आधी आणि दसरा झाल्यावर, मी अख्खी इमारत पायी फिरते. जवळ बॅटरी, शिसपेन्सिल, वही आणि मोबाईल. दीड तास पुरतो.

निघण्याआधी वॉचमनमामांना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा. कमिटीपेक्षा त्यांना जास्त दिसतं. मागच्या वर्षी मामाच म्हणाले, "वैनी, त्या मधल्या पायपातनं दोन दिस झालं पानी गळतंय." तो पाइप मीटरच्या खोलीला लागूनच होता.

मग सरळ गच्चीवर जा. पाणी वरनं खाली येतं, तसंच आपणही यायचं, म्हणजे खालच्या ओलीचं कारण आधीच नजरेखालनं गेलेलं असतं. पावसाचं पाणी उतरायच्या पाइपांच्या तोंडांशी कबुतरांची पिसं, पतंगाचे कागद अडकलेले असतात. काढा आणि बादलीभर पाणी ओतून बघा, भराभर गेलं पाहिजे. कठड्याच्या कडेचा सिमेंटचा गोलावा सुटलाय का, ते बघा. पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि भिंत फोडत जातं. गवंडी बोलवून मुळासकट काढून घ्या. टाक्यांची झाकणं घट्ट हवीत.

जिन्यात कठडा हातानं हलवून बघा. चपलांचे रॅक, जुन्या सायकली वाटेत असतील तर त्याच दिवशी हलवायला सांगा. आग लागली की उतरायला तेवढीच वाट असते. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा.

भिंतीच्या चिरांना मात्र वेळ द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुतेक गिलाव्याच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी गेलेली, किंवा बीम-कॉलमच्या लांबीनं धावणारी चीर वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मी १२ मे लिहिलं होतं. दसऱ्यानंतर बघितलं, तर चीर रेघ ओलांडून दोन बोटं पुढं गेलेली. त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं.

पार्किंगमध्ये मान वर करून चाला. स्लॅबला तांबूस डाग दिसला की काठीनं हलकेच ठोका. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. आतली सळई गंजली की फुगते आणि वरचा थर ढकलून देते. त्यावर गिलावा करून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. आमच्या आधीच्या कमिटीनं तेच केलं होतं. दोन वर्षांनी परातीएवढा पोपडा एका गाडीच्या टपावर पडला. पाच मिनिटांपूर्वी तिथं पोरं सायकली फिरवत होती. तो आवाज मी विसरलेली नाही.

आपल्या भागात आणखी एक बघावं लागतं, ते म्हणजे पुराची रेघ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. त्या उंचीवर आम्ही प्रत्येक कॉलमवर लाल रंगानं पट्टा ओढलाय. दर फेरीत त्याच्या खाली विजेचं काही आलंय का, ते बघायचं. यंदा इलेक्ट्रिक स्कूटरसाठी कुणीतरी बसवलेलं सॉकेट पट्ट्याखाली वीतभर सापडलं. दुसऱ्याच दिवशी वर घेतलं.

मीटरच्या खोलीत जळका वास किंवा काळवंडलेली वायर दिसली तर हात लावू नका, वायरमन बोलवा. लिफ्ट मजल्याला समपातळीत थांबते का एवढंच आपण बघायचं, बाकी तंत्रज्ञाचं काम.

हा फेरा म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरनं केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी, नव्हे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. आपली वही त्या इंजिनिअरच्या हातात द्या, त्याचं निम्मं विचारणं वाचतं.

वहीत जागा, फोटोची तारीख, काम कुणाकडं आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. आणि ती सोसायटीच्या कपाटात ठेवा, स्वतःच्या घरी नको. पुढच्या सेक्रेटरीला पहिल्या पानापासनं वाचता आली पाहिजे.