माद्रिदमध्ये ‘बसायचं’ नसतं : रात्री बाहेर पडताना या चुका टाळा

आपल्याकडे मित्राचा फोन येतो, “आज बसायचं का?” कशाला बसायचं, हे कुणी विचारत नाही. एक टेबल, एक बाटली, मध्ये मसाला शेंगदाणे, आणि वेटर लास्ट ऑर्डर विचारायला येईपर्यंत त्याच खुर्च्या. माद्रिदमध्ये पहिल्या शनिवारी मी हीच सवय घेऊन बाहेर पडलो. साडेसातला जेवायला टेबल शोधलं, तर किचन बंद. साडेदहाला डिस्कोच्या दारात हजर झालो, तर आत कामगार फरशी पुसत होता. दारावरच्या माणसाने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि अगदी मायेने सांगितलं, “दीडनंतर या.”

या शहराच्या रात्री बसण्याच्या नाहीत, उभं राहण्याच्या आणि चालण्याच्या आहेत. नवख्याच्या बहुतेक चुका याच एका गैरसमजातून होतात.

घड्याळ आपलं लावून जाणं

बहुतेक जागी दुपारी साधारण चारला किचन बंद होतं ते रात्री आठ-साडेआठपर्यंत. माद्रिदकर जेवतात साडेनऊ-दहाला. त्याआधी आठच्या सुमाराला बाहेर पडून दोन-तीन बारमध्ये एकेक बिअर, थोडं तोंडात टाकायला. जेवणानंतर बाराच्या पुढे ‘कोपा’, म्हणजे जिन-टॉनिक किंवा रम-कोलाचा ग्लास. डिस्को त्याच्याही नंतर. तो दोनच्या आधी भरत नाही आणि पहाटे साडेपाच-सहापर्यंत चालतो.

याला निव्वळ चैनीची सवय म्हणू नका, थोडा दोष घड्याळाचाही आहे. भूगोलाप्रमाणे स्पेनने लंडनच्या वेळेवर चालायला हवं. मार्च 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे करून मध्य युरोपच्या वेळेला जोडली गेली आणि आजवर तशीच आहेत. त्यामुळे जूनअखेर माद्रिदमध्ये सूर्य मावळायला पावणेदहा वाजतात. डोक्यावर ऊन असताना कोण नाचायला जाईल?

उपाय सोपा आहे, पण आपल्या लोकांना तो पटत नाही : संध्याकाळी सहा ते आठ झोपा. झोप येत नसेल तर नुसतं पडून राहा. ज्यांनी हे केलं नाही ते अकराला हॉटेलवर परतले आणि “माद्रिद एवढं काही खास नाही” असं सांगत फिरले.

ऑगस्टमध्ये जात असाल तर आणखी एक धक्का बसेल. अर्धं शहर समुद्राकडे गेलेलं असतं आणि ज्या छोट्या बारचं नाव लिहून नेलेलं असतं, त्याच्या शटरवर ‘सुट्टीमुळे बंद’ असा कागद चिकटवलेला असतो. वस्तीतले जुने बार यात पहिले. शहराची ओळखच व्हायची असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर बघा.

टेबल धरून ठेवणं

ला लातिना भागात कावा बाखा नावाची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना बारला बार लागून. तिथे पहिल्याच बारमध्ये टेबल पकडून पाच पदार्थ मागवणारी मंडळी लांबूनच ओळखू येतात. गावकरी ‘बार्रा’शी, म्हणजे काउंटरशी, उभे राहतात, एक ‘कान्या’ बिअर आणि एक पदार्थ घेतात, पैसे देतात आणि पुढच्या दारात शिरतात. रविवारी दुपारी एल रास्त्रोचा बाजार उठला की ही गल्ली ‘बेर्मूत’ पिणाऱ्यांनी फुलते. नळातून काढलेलं वर्मूथ (औषधी वनस्पती घातलेली वाइन), बर्फ, संत्र्याची चकती आणि एक ऑलिव्ह.

कान्या म्हणजे साधारण 200 मिलीचा बिअरचा छोटा ग्लास. आपला माणूस “एवढीशी?” म्हणतो आणि सर्वांत मोठा ग्लास मागतो. तिसऱ्या घोटानंतर ती बिअर कोमट होते, आणि पुढच्या बारमध्ये जायला पोटात जागा उरत नाही. छोटा ग्लास थंड असतानाच संपतो, हाच त्याचा हेतू. बाटली हवी असेल तर ‘तेर्सियो’ मागा, म्हणजे लिटरचा तिसरा भाग. ऊन फार असेल तर ‘क्लारा’, लिंबाच्या सोड्यात मिसळलेली बिअर. सांग्रिया मात्र पर्यटकांच्या टेबलांवर जास्त दिसते. गावचे लोक उन्हाळ्यात ‘तिंतो दे वेरानो’ पितात : रेड वाइन आणि सोडा, बास.

बाहेर फुटपाथवरच्या टेबलाला, म्हणजे ‘तेर्रासा’ला, बऱ्याच ठिकाणी भाव थोडा जास्त असतो. बिल बघून वाद घालण्याआधी मेनूवर तशी दोन दरांची नोंद आहे का ते पाहा. खरोखरच चुकीचं बिल लावलं असेल तर शांतपणे ‘ओखा दे रेक्लामासियोनेस’ मागा. तक्रारीचा हा छापील फॉर्म ठेवणं धंदेवाल्याला बंधनकारक आहे. बहुतेक वेळा फॉर्मचं नाव काढताच हिशोब पुन्हा होतो.

मित्रांचा घोळका असेल तर प्रत्येक ठिकाणी वेगळं बिल मागत बसू नका. इथे ‘बोते’ काढतात, सगळ्यांनी सुरुवातीलाच ठरावीक रक्कम एकाच्या हातात द्यायची. आपली काँट्रीच की! टिप सक्तीची नाही. सुटी नाणी ठेवली तरी पुरे.

उएर्तास भागात एचेगाराय रस्त्यावरचं ‘ला बेनेन्सिया’ हे वेगळंच प्रकरण. तिथे फक्त शेरी, म्हणजे दक्षिण स्पेनची कडक वाइन, मिळते, तिचेच हे प्रकार : फिनो, मान्सानिया, अमोन्तिआदो, ओलोरोसो, पालो कोर्तादो. बिअर मागितलीत की फसलात. फोटो काढायला मनाई, टिप घेत नाहीत, आणि हिशोब खडूने थेट लाकडी काउंटरवर लिहितात. फोन खिशात ठेवा, फिनो मागा, सोबत येणारे ऑलिव्ह खा. मला विचाराल तर माद्रिदमधला सर्वांत चांगला तास तिथे जातो.

‘तापास’ना (बारमधल्या छोट्या पदार्थांना) फुकटचा चखणा समजणं, आणि शाकाहाराचा घोटाळा

“स्पेनमध्ये ड्रिंकबरोबर जेवण फुकट” हे वाक्य दक्षिणेतल्या ग्रानादा शहरातून आलेलं आहे. तिथे ते बऱ्याच अंशी खरं. माद्रिदमध्ये ड्रिंकबरोबर बशीत दहा ऑलिव्ह, वेफर्स किंवा पावाचा तुकडा येतो. बाकीचं मागवायचं. ‘रासियोन’ म्हणजे सगळ्यांनी मिळून खायची मोठी प्लेट, ‘मेदिया’ म्हणजे तिचं अर्धं. दोघांनी तीन रासियोन मागवल्या तर उरलेलं पार्सल करायची वेळ येते.

आता मराठी घरातून गेलेल्यांचा खरा प्रश्न. तुम्ही “मांस नको” म्हणालात, वेटरने मान डोलावली, आणि बशीवर ट्यूना आला. परत पाठवलीत, तर हॅमचे तुकडे पेरून आली. तो तुमची चेष्टा करत नाही. ‘कार्ने’, म्हणजे मांस, म्हटलं की तिथे अनेकांच्या डोळ्यांसमोर बीफ-पोर्कचा मोठा तुकडा येतो. मासा वेगळा, आणि ‘खामोन’, म्हणजे हॅम, तर जणू मिठासारखा, चवीपुरता. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा : “सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन.”

नावावरून फसवणारे पदार्थ लक्षात ठेवा. क्रोकेतास दिसायला बटाट्याच्या कटलेटसारखे, पण आत बऱ्याचदा हॅम. एन्सालादिया रूसा बटाट्याचं सॅलड, पण त्यात ट्यूना. साल्मोरेखो टोमॅटोचं थंड घट्ट सूप, वर मात्र हॅम आणि उकडलेलं अंडं. पातातास ब्रावास म्हणजे तळलेले बटाटे आणि तिखट लाल सॉस. बहुतेक ठिकाणी चालतील, पण काही जुन्या जागी सॉसला मांसाचा स्टॉक लावतात, तेव्हा विचारून घ्या.

निर्धास्त खाण्यासारखं : पान कोन तोमाते (टोमॅटो चोळलेला पाव), तळलेल्या पाद्रोन मिरच्या, खारे बदाम, ऑलिव्ह. अंडं चालत असेल तर ‘तोर्तिया’. ही मेक्सिकन रोटी नव्हे, बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट आहे. त्यात कांदा असावा की नसावा यावर स्पेनमध्ये दोन तट आहेत आणि भांडण आपल्या मिसळीच्या रश्श्याइतकंच जुनाट. तुम्ही त्यात पडू नका.

पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. 2022 च्या कायद्याने बार-हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं आहे आणि माद्रिदचं नळाचं पाणी चांगलं आहे. प्रत्येक दुसऱ्या ग्लासानंतर ते मागा.

पेगच्या हिशोबाने पिणं

ही चूक मी अनुभवी लोकांना करताना पाहिली आहे. आपल्याकडे तीस-साठचं माप असतं, मोजून ओतलेलं. “मी तीन पेगचा माणूस” हे आपल्याला ठाऊक असतं. माद्रिदच्या बारमध्ये कोपा बनवणारा बहुतेक वेळा माप वापरतच नाही. ग्लासभर बर्फ, मग बाटली उलटी करून अंदाजाने धार. टॉनिकची छोटी बाटली बाजूला ठेवतो. तुमचे ‘तीन पेग’ दोन ग्लासांतच होऊन जातात, आणि त्याआधीच्या चार कान्या हिशोबात धरलेल्याच नसतात. इथे ग्लास मोजू नका, तास मोजा. एका तासाला एक कोपा, आणि त्यात खाणं.

दुसरा शब्द शिका : ‘गार्राफोन’. नामांकित बाटलीत भरलेली हलकी, भेसळीची दारू. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली की माद्रिदकर हाच शब्द काढतात. पुएर्ता देल सोल आणि उएर्तासच्या रस्त्यांवर पत्रकं वाटणारी मुलं-मुली “आत या, एक चुपितो (दारूचा छोटा शॉट) फुकट” म्हणून ओढतात. सगळेच फसवे नसतात, पण ज्या बारला गिऱ्हाईक रस्त्यावरून ओढून आणावं लागतं तिथे मी बाटलीबंद बिअरच पितो.

दारावर अडकणं

‘क्लब कुठे आहे?’ असं टॅक्सीवाल्याला विचारू नका. तरुण मंडळी हल्ली टेक्नोच्या जागांना क्लब म्हणतात, पण स्पेनमध्ये, विशेषतः हायवेच्या कडेला, रंगीत दिव्यांची ‘क्लुब’ ही पाटी वेश्यागृहाची असते. नाचायचं असेल तर ‘डिस्कोतेका’ किंवा ‘साला’ म्हणा.

प्रवेशाचे पैसे भरले की बहुतेक ठिकाणी एक ड्रिंक त्यातच धरलेलं असतं. ते कूपन लोक खिशातच विसरतात. वयाची अट 18, पण पुरावा लागतो, आणि फोनमधला पासपोर्टचा फोटो दारावर चालेलच असं नाही. चप्पल घालून जाऊ नका. दहा पुरुषांच्या घोळक्याने एकदम जाऊ नका, तीन-चार जणांनी विभागून जा. अडवलंच तर वाद घालू नका, पुढचा दरवाजा शंभर पावलांवर आहे.

आत गेल्यावर एकदाच बाहेर पडायचे दरवाजे बघून ठेवा. डिसेंबर 1983 मध्ये ‘अल्काला 20’ या डिस्कोत लागलेल्या आगीत 80 हून अधिक जीव गेले. 2012 च्या हॅलोविनच्या रात्री ‘माद्रिद अरेना’मधल्या चेंगराचेंगरीत 5 तरुणी दगावल्या. त्यानंतर नियम कडक झाले, तरी जिन्यात माणसं अडकून पडली असतील तर मी त्या मजल्यावर जात नाही.

रस्त्यावर बाटली उघडणं

मालासान्या भागातला दोस दे मायो चौक रात्री गजबजलेला असतो आणि कॅन विकणारे फिरते ‘लातेरो’ हातात थंड बिअर ठेवतात. फ्रँको 1975 मध्ये गेल्यावर ‘ला मोविदा’ नावाची जी मोकळीक या गल्ल्यांत उसळली, तिच्या गोष्टी ऐकून आलेल्याला वाटतं, इथे सगळं चालतं. चालत नाही. सार्वजनिक जागी दारू पिण्याला, ‘बोतेयोन’ला, माद्रिदमध्ये बंदी आहे आणि दंड 600 युरोपर्यंत जाऊ शकतो. दुकानातून बाटली घ्यायची तर रात्री 10 च्या आत, त्यानंतर विक्री बंद. मोविदाचा वास घ्यायचाच असेल तर 1979 पासून चालू असलेल्या ‘ला बिआ लाक्तेआ’मध्ये जा.

फोन तेर्रासाच्या टेबलावर ठेवू नका. गेलाच तर आधी सिम आणि बँकेचं ॲप बंद करा, मग लेगानितोस रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे परदेशी पर्यटकांसाठी वेगळा कक्ष आहे, आणि विम्याच्या दाव्यासाठी तिथला कागद लागतोच. ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवा घ्या. कुणाची शुद्ध हरपतेय असं वाटलं तर ‘झोपू दे त्याला’ न म्हणता 112 हा आपत्कालीन नंबर लावा.

दीड आणि सहा

मेट्रो साधारण दीडला थांबते आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू होते. शनिवार-रविवारच्या वेळा स्टेशनवर तपासून घ्या. माद्रिदची रात्र या दोन आकड्यांत कापलेली आहे. दीडच्या आत निर्णय घ्यायचा : घरी, की सकाळपर्यंत? अडीचला कंटाळणाऱ्यांचे सर्वांत जास्त हाल होतात, कारण तेव्हा सगळे टॅक्सी शोधत असतात. टॅक्सी पांढरी, दारावर तिरका लाल पट्टा. वर हिरवा दिवा असेल तर रिकामी. स्वस्तात जायचं तर सिबेलेस चौकात या. रात्रीच्या बस तिथून सुटतात आणि त्यांचं नाव आहे ‘बूओ’, म्हणजे घुबड.

सहापर्यंत टिकलात तर पाय आपोआप सोलजवळच्या सान खिनेसच्या बोळाकडे वळतात. 1894 पासूनचं चुरोसचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या लांब कांड्यांचं, दुकान. तिथेही एक चूक होते : लोक चॉकलेटचा कप उचलून कॉफीसारखा पितात आणि घशात अडकवून घेतात. ते पिण्यासाठी नसतं, चुरो बुडवण्यासाठी असतं, श्रीखंडाच्या जवळपास घट्ट. चुरोपेक्षा जाड हवं असेल तर ‘पोर्रास’ मागा. आणि हो, इथे मात्र टेबल मिळालं तर खुशाल बसा.