बॅटरीच्या कटरनं प्लास्टिकचा पाईप कापताना

टाकीखालच्या अडचणीत पाईप कापायचा म्हणजे एका हातानं तो धरायचा, दुसऱ्यानं हॅक्सॉ चालवायचा आणि बोटांची सालटी भिंतीला द्यायची. बॅटरीवरच्या पाईप कटरनं हा ताप जातो. जबड्यात पाईप धरा, ट्रिगर दाबा, काही सेकंदांत तुकडा हातात. भुसाही पडत नाही. हॅक्सॉचा भुसा पाईपातच राहतो आणि पुढं नळाच्या जाळीत, नाहीतर ड्रिपच्या छिद्रात जाऊन बसतो.

पण हे यंत्र करवतीसारखं घासत नाही, अडकित्त्यासारखं दाबतं. ओली सुपारी अडकित्त्यात गुमान कापली जाते, वाळून खडंग झालेली टणकन उडते. पाईपाचंही तसंच आहे.

आमच्या मराठवाड्यात गच्चीवरचे पाईप बारा महिने उन्हात असतात, उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. वर सावली नाही, रंगाचा हात नाही. काही वर्षांत पाईपाचा रंग उडतो, अंगठा घासला की खडूसारखी पूड लागते. अशा पाईपाला कटर लावूच नका. तिथं बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेडच बरं, तेही हळू हातानं.

हे शहाणपण मला परभणीत बहिणीच्या गच्चीवर आलं. डिसेंबरातली सकाळ, हातात नवा कोरा कटर. दाजी म्हणाले, “आरं, ऊन तर वर येऊ दे. त्या पाईपाचा पापड झालाय.” मी ऐकतोय कशाला! ट्रिगर दाबला, ‘टच्च’ असा आवाज आला आणि कापापासून केसाएवढी बारीक चीर निघाली ती थेट व्हॉल्व्हच्या सॉकेटात, म्हणजे पाईप ज्यात घुसतो त्या तोंडात, शिरली. म्हणजे व्हॉल्व्ह बदलणं आलं, आणि व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे टाकी रिकामी करणं आलं. नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं. ते सगळं बादल्या-घागरींत भरून जिन्यानं खाली नेताना ताई एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तिथं चूक दुहेरी होती. पाईप उन्हानं कडक झालेला, आणि वर थंडी. पारा १० अंशांच्या खाली गेला की सीपीव्हीसी, म्हणजे घरातल्या गरम-गार पाण्याचा प्लास्टिकचा पाईप, आणखी ठिसूळ होतो, दाबून कापताना तडकतो. थंडीत हे काम दुपारी काढा. नवा पाईप असला तरी आधी अर्धा तास उन्हात ठेवा.

आता माप. इथं दुकानातली भाषा दगा देते. कटरवर लिहिलेली मर्यादा, बहुधा २ इंच, ही पाईपाच्या बाहेरच्या व्यासाची असते, म्हणजे ५०.८ मिमी. घरातला पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिमी आणि एक इंची २८.६ मिमी असतो, ते आरामात बसतात. प्लंबिंगचा दीड इंची यूपीव्हीसी (गार पाण्याचा प्लास्टिक पाईप) ४८.३ मिमी, तोही बसतो. ‘दोन इंची’ मात्र बाहेरून ६०.३ मिमी भरतो. शेतातला दोन इंची तर ६३ मिमीचाच. हे दोन्ही जबड्यात जात नाहीत. ड्रिपच्या १६ मिमीच्या नळीसाठी एवढं यंत्र काढायची गरज नाही, हातकात्री पुरते.

कापण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, खालचा नळ उघडा आणि पाईपातलं पाणी बादलीत उतरवून घ्या. भिंतीतला पाईप असेल तर तो पाण्याचाच आहे ना, याची खात्री करा. वायरिंगचा पाईपही पीव्हीसीचाच असतो, आणि आत वायर असताना पातं चाललं तर जिवावर बेतेल.

माप घेताना दोन फिटिंगांमधलं अंतर मोजून थांबू नका. पाईप दोन्ही सॉकेटांत जेवढा आत जाणार तेवढी लांबी धरा. नवखा माणूस हमखास इथंच चुकतो. मग कागदाची सरळ पट्टी पाईपाभोवती गुंडाळा, तिच्या कडा एकमेकींवर जुळवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. गोल रेघ मिळते, काप तिरका जात नाही.

बॅटरी आता लावा, आधी नाही. पाईप जबड्याच्या तळाला पूर्ण टेकवा, पातं रेघेवर आणा. दुसरा हात पात्यापासून वीतभर लांब. ट्रिगर आधी हलका दाबा. पातं पाईपाला टेकलं की थांबून वरून आणि बाजूनं बघा: काटकोन आहे का? असेल तर पूर्ण दाबा आणि हात स्थिर ठेवा. मध्येच कटर हलवला, पिळला, तर काप वाकडा जातो आणि पातंही मोडू शकतं. लोंबणाऱ्या टोकाला आधार द्या. ट्रिगर सोडल्यावर काही कटरचं पातं आपोआप मागं जातं, काहींना वेगळं बटण असतं. हे आधी टाकाऊ तुकड्यावर बघून घ्या.

कापलेलं टोक उजेडात धरून निरखा. बारीक चीर दिसली तर दिसते त्याच्या पुढं किमान २ इंच सोडून पुन्हा कापा. सोल्युशननं, म्हणजे पाईप जोडायच्या गोंदानं, चीर बुजत नाही, महिन्यानं गळतेच. टोक चेपून लंबगोल झालं असेल तर पात्याची धार गेली आहे. आतली-बाहेरची कड चाकूनं साफ करा आणि बाहेरची कड कानशीनं जराशी उतरती करा, नाहीतर पाईप घुसताना सॉकेटातलं सोल्युशन खरवडून नेतो.

मग कोरडं बसवून पाहा. पाईप सॉकेटात एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. पाईपाला सोल्युशनचा भरपूर हात, सॉकेटात पातळ, पाव वळसा देऊन आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, सोडलं तर पाईप मागं सरकतो. उन्हाळ्यात सोल्युशन ब्रशवरच वाळतं, त्यामुळं जोडकाम सकाळी लवकर करा.

काम झालं की आधी बॅटरी काढा, मग पातं पुसा. बोअरच्या पाण्याचे क्षार ज्या पाईपात दगडासारखे बसलेत, गीझरच्या लाइनीत हमखास असतात, तो कटरमध्ये घालू नका, पात्याला खांडे पडतात. पात्याला तेल लावलंत तर पुढच्या वेळी कोरडं पुसूनच वापरा, कारण तेल लागल्यानं सीपीव्हीसी तडकू शकतो.

पाणी सोडायची घाई नको, चोवीस तास जाऊ द्या. म्हणूनच हे काम नळ येऊन गेल्यावर काढायचं, आणि व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी दोन दिवसांचं पाणी खाली भरून ठेवायचं.