कट्ट्यावर मत द्यायचं असेल तर: एका दिवाणजीची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर मी दिवाणजी होतो. वजनं लिहायची, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, एवढंच काम. आता घरी असतो, पण सकाळी नदीकडं चक्कर मारून चहाच्या गाड्यावर टेकायची सवय सुटलेली नाही. गाड्यावर विषय दोनच. एक, हजारो वर्षांपूर्वीचं कसलं तरी गूढ. दोन, कालची बातमी. दोन्ही मोबाइलवरून आलेले असतात, आणि चहा संपायच्या आत प्रत्येकानं त्यावर मत द्यावं अशी अपेक्षा असते.

मत द्यायला माझी ना नाही. मतदार यादीत नाव असलेल्या माणसानं कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलावं, वेरूळवरही बोलावं. फक्त आमच्या धंद्यात काटा झाल्याशिवाय पट्टी होत नाही, तसं मताचंही असावं. नव्यानं रिटायर होऊन कट्ट्यावर येणाऱ्यांसाठी माझी रीत लिहून ठेवतो.

आधी वही

खिशात मावेल अशी साधी वही घ्यायची. पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन खण करायचे: मोजलेलं, लिहून ठेवलेलं, ऐकलेलं. मेसेज आला की त्यातलं एकेक वाक्य उचलून यातल्या कुठल्या तरी खणात टाकायचं. 'नासानंही मान्य केलंय' हे ऐकलेलं. 'शास्त्रज्ञ चक्रावले' हेही ऐकलेलं, कारण कुठले शास्त्रज्ञ, कधी चक्रावले, पत्ता नाही. बहुतेक मेसेज तिसऱ्याच खणात संपतात आणि आपला वेळ वाचतो. हे सगळं मोबाइलमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका. तो उघडला की आणखी चार मेसेज दिसतात.

आकडा दिसला की भागाकार करा

कैलास लेण्याचा मेसेज वर्षातून एकदा तरी फिरून येतोच. वेरूळला डोंगर वरून खाली कोरत नेऊन अख्खं देऊळ मोकळं केलंय, हे खरंच. मेसेज पुढं म्हणतो: ४ लाख टन दगड काढला, काम १८ वर्षांत झालं, रोज बारा तास धरले तरी तासाला ५ टन दगड निघायला पाहिजे, माणसाला हे शक्य नाही, सबब परग्रहावरचे लोक आले होते.

ह्यातला भागाकार बरोबर आहे. मी करून बघितलाय. पण मेसेज लिहिणाऱ्यानं एक रकाना रिकामा सोडलाय: माणसं किती? हमाल किती होते हे न विचारता 'एवढा ट्रक एका दिवसात खाली झालाच कसा' म्हणण्यातला हा प्रकार.

मेसेजचेच आकडे घेऊ. ४ लाख टन भागिले १८, म्हणजे वर्षाला सुमारे २२,२०० टन. पाऊसपाणी, सणवार वजा करून वर्षाचे ३०० दिवस धरा. दिवसाला ७४ टन झाले. कामावर ३०० माणसं धरा. माणशी दिवसाला २४७ किलो. आता हा आकडा पचत नाही, कारण आपण धान्याच्या पोत्यांचा विचार करतो. आपला काळा दगड घनफुटाला साधारण ८० किलो भरतो. म्हणजे माणशी तीन घनफूट. गुडघ्याएवढ्या उंचीचा एक चौकोनी धोंडा, बस्स. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याच वाटेनं हिशेब मांडला होता. माणशी दिवसाला चार घनफूट धरून २५० मजुरांना साडेपाच वर्षं पुरतील, असं त्यांचं उत्तर होतं. म्हणजे १८ वर्षं झाली ऐसपैस. आणि राष्ट्रकूट राजाला ३०० माणसं पोसणं काय अवघड होतं?

दुसऱ्या खणातही माल आहे. ८१२-१३ सालच्या बडोदा ताम्रपटात राष्ट्रकूट कृष्णराजानं एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या डोंगरावर बांधवलेल्या देवळाचं वर्णन येतं. ते बघून देव थक्क झाले, आणि खुद्द करणारा कारागीरही 'मी हे केलं तरी कसं' म्हणाला, असा त्याचा भाव आहे. मला हे फार आवडतं. थक्क व्हायला आपण मोकळे आहोत, त्या काळचे लोकही झाले होते. पण थक्क होऊन त्यांनी श्रेय कारागिराला दिलं. आपण ते उचलून उडत्या तबकडीला देतो आणि वर 'आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगा' म्हणून तोच मेसेज पुढं पाठवतो!

दगडावर काय लिहिलंय ते आधी वाचा

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. तिच्याबद्दल भुयारं, खजिना असलं बरंच कानावर येतं. तिथं गेलात तर आधी शिलालेखापाशी थांबा. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये ही विहीर बांधली. शकात ७८ मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे १७१९ ते १७२४. हा ७८ तेवढा पाठ करून टाका, जुन्या देवळाच्या पायरीवर कुठंही उपयोगी पडतो. विहीर ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. एवढं मोजलेलं आणि लिहिलेलं हाताशी असताना खजिन्याची गोष्ट सांगायची कुणाला हौस असेल तर सांगू द्यावी, ऐकायला मजा येते. आपण ती तिसऱ्या खणात टाकायची.

आणि जिथं माहीतगार माणूस अजून जिवंत आहे तिथं गूढ बनवायचंच नाही. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. वरून बघितलं तर जमिनीत एक अरुंद तोंड, खाली वीस-पंचवीस फूट अंधार. उद्या कुणी पोरगं कॅमेरा घेऊन आलं आणि 'संगमावरची प्राचीन भुयारं, आत गेलेला माणूस बेशुद्ध का पडतो?' असा व्हिडिओ टाकला, तर तो लाखोंनी बघतील. खरी गोष्ट अशी की हळद वर्षानुवर्षं किडू नये म्हणून ती हवाबंद पेवात भरायची. आत प्राणवायू उरत नाही, म्हणूनच कीड जगत नाही आणि माणूसही जगणार नाही. पेव उघडलं की बराच वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं पाण्यात गेली आणि पुढं माल कोल्ड स्टोरेजकडं वळला. आणखी वीस वर्षांनी कंदील सोडणारा माणूस नसेल तेव्हा ही पेवं आपोआप 'रहस्यमय' होतील. आत्ताच जाऊन विचारून घ्या.

काही पानं कोरी राहतात

सिंधू लिपी कुणीतरी वाचली, असं दर सहा महिन्यांनी कानावर येतं. आमच्या पेढीवर जुन्या मोडी चोपड्या होत्या. मला त्या अडखळत वाचता यायच्या, कारण आत मराठीच होती, दप्तरं ढिगानं उपलब्ध आहेत आणि शिकवणारे होते. सिंधूच्या मुद्रांवर सरासरी पाचेक चिन्हं असतात, खालची भाषा कुठली ते ठरत नाही, आणि तोच मजकूर दुसऱ्या ओळखीच्या लिपीत दिलेला एकही दगड सापडलेला नाही. इजिप्तची लिपी सुटली ती तसा दगड मिळाल्यामुळं. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हापासून मला एक सोयीचा प्रश्न मिळालाय. कुणी म्हणालं की अमक्यानं लिपी वाचली, तर विचारायचं, "मग बक्षीस आणलं का?"

मोजल्यावर गूढ संपतंच असंही नाही. उत्तराखंडातल्या रूपकुंड तलावाकाठी शेकडो सांगाडे पडलेत. एकाच गारपिटीत एकच जथा मेला, असं बरीच वर्षं मानत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. (आम्ही तेव्हा पुराचा चिखल काढत होतो, कुणाला पत्ता?) त्यात २३ जण आपल्या उपखंडातले निघाले, १४ जण ग्रीसच्या बाजूचे, भूमध्य समुद्राकडचे, आणि एक आग्नेय आशियातला. शिवाय आपले लोक हजारेक वर्षांपूर्वीचे आणि ते भूमध्यवाले जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे! ते तिथं कशाला गेले होते, ठाऊक नाही. असं पान कोरं ठेवायचं. कट्ट्यावर 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याला कुणी चहा पाजत नाही, हा या रीतीतला तोटा आहे.

बातमीत एकक शोधा

चालू घडामोडींत आमच्याकडं पावसाळ्यात दुसरा विषयच नसतो. पाणी किती आलं? इथं लोक एकमेकांशी भांडतात आणि दोघांचाही आकडा बरोबर असतो, फक्त मापं वेगळी असतात. म्हणून तीन मापं वेगळी ओळखायला शिका.

धरणात साठलेलं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत असतं. सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सुटलं की १ टीएमसी होतो. ढोबळ साडेअकरा हजार लक्षात ठेवलं तरी काम भागतं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. तेव्हा 'कोयनेतून ५० हजार टीएमसी सोडलं, सांगलीकरांनो पळा' असा मेसेज आला, तर आधी हसून घ्या आणि मग वाचा, कारण टीएमसीच्या जागी क्युसेक असेल तर बातमी खरी असू शकते. ५० हजार क्युसेक म्हणजे दिवसाला सव्वाचार टीएमसी. हसून झालं की सामान वर ठेवायला घ्यायचं.

तिसरं माप सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं, फुटात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका. २०१९ ला साडेसत्तावन्न फूट गेलं होतं. हे फूट पुलापाशीच्या पट्टीवरचे. अलमट्टीच्या पाणीपातळीचे ५१९.६० मीटर मात्र समुद्रसपाटीपासूनचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा, केवढा फरक' म्हणणारे विद्वान आमच्या गाड्यावर आहेत. त्यांना फक्त चहा द्यावा.

अलमट्टीवर माझं मत विचाराल, तर ते दोन तुकड्यांत आहे. पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचं म्हटलं, आणि इथल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना ते मान्य नाही. उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला विरोध व्हावा असं मलाही वाटतं; फुगवट्याची, म्हणजे धरणाचं पाणी मागं तुंबून इथवर चढायची भीती आपल्याला आहे, तर खात्री पटवून द्यायची जबाबदारी कर्नाटकची. पण निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा पाणी येणारच अशा जागेत, प्लॉट पाडून घरं कुणी बांधली? ती कर्नाटकनं बांधली नाहीत. हा दुसरा तुकडा बोलला की गाड्यावर एकदम शांतता पसरते, कारण निम्म्या लोकांचा एखादा गुंठा तिकडं असतोच.

भूकंपाच्या मेसेजचं थोडक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्यांनी अंथरुणात अनुभवला, त्यांची भीती खरी आहे, तिची थट्टा करू नका. धरणातल्या पाण्याचा आणि तिथल्या हादऱ्यांचा संबंध शास्त्रज्ञांनी मान्य केलाय, आणि त्याच अभ्यासासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोकही पाडलंय. पण तारीख आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही. 'आज रात्री दोन वाजता' असं आलं की वही उघडायचीही गरज नाही.

बोलायचं कसं

वडीलधाऱ्यांनी मेसेज पाठवला असेल तर चारचौघांत 'खोटं आहे' म्हणू नका. माणूस मेसेज सोडून स्वतःला वाचवायला लागतो. मी म्हणतो, "आप्पा, हे कुणी मोजलं म्हणं?" आप्पा म्हणतात, "मला काय ठावं, पोरानं पाठवलंय." झालं, खण आपोआप ठरला आणि आप्पांचा मानही राहिला. तरुण पोरांना मात्र हिशेबच करायला लावायचा. त्यांच्याकडं मोबाइलात कॅल्क्युलेटर असतोच.

निवडणुकीच्या दिवसांत ही रीत चालत नाही. तेव्हा चहा पिऊन घरी जावं.

आणि मत दिलं की वहीत शेजारी तारीख घालायची. लोणारच्या विवराचं वय आधी ५२ हजार वर्षं सांगत, पुढं दुसऱ्या पद्धतीनं मोजल्यावर ते पावणेसहा लाखांवर गेलं. २०२० च्या जूनमध्ये त्याच तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा कट्ट्यावर कलियुगापासून पाचजीपर्यंत सगळी कारणं एका सकाळीत सांगून झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं कारण दिलं, ते पुढच्या महिन्यात. तेवढा महिना पानावर तारीख, त्यापुढं 'तपासणी चालू' आणि खाली दोन बोटं जागा मोकळी.