भावंडांसोबत रोम: या चुका टाळा, नाहीतर दीड वाजता भांडण ठरलेलं

रोममध्ये भावंडांचं भांडण सहसा दुपारी दीड-दोनच्या सुमाराला होतं, आणि बहुतेक वेळा व्हॅटिकनच्या उंच भिंतीलगतच्या फुटपाथवर. निमित्त काहीही चालतं. दादा तरातरा पुढे निघून गेला, ताईने लहानपणीचं काहीतरी उकरून काढलं, धाकटीला टॉयलेटला जायचं होतं आणि कुणी थांबलंच नाही. एकमेकांचे स्वभाव तर जन्मापासून माहीत असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड असतो दिवसाच्या आखणीत, आणि तो आदल्या रात्रीच दुरुस्त करता येतो.

व्हॅटिकन आणि कलोसियम एकाच दिवशी कोंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नकाशावर दोन्ही जवळ वाटतात, मेट्रोही आहे, मग ‘सकाळी हे, दुपारी ते’ असं ठरतं. प्रत्यक्षात व्हॅटिकन म्युझियम्सचा पसारा अफाट आहे. सगळे येतात मायकेलअँजेलोने रंगवलेलं छत बघायला, आणि ते छत जिथे आहे ते सिस्टिन चॅपेल तर येतं वाटेच्या शेवटाकडे. तिथे पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. फोटोला बंदी आणि आवाज वाढला की रखवालदार दटावतात.

खरी गंमत पुढे आहे. बाहेर पडलो की समोर सेंट पीटर्स चर्च, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. म्युझियमचं दार वेगळं, चर्चचं वेगळं. भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि चौकातल्या तपासणीच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं. चॅपेलमधून थेट चर्चकडे जाणारा रस्ता मुख्यतः गाइडसोबतच्या गटांसाठी असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. एवढं करून दारात गेल्यावर हाफ पँटमधल्या भावाला अडवलं जातं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. खांद्यांचं काम बॅगेतल्या ओढणीने भागतं, गुडघ्यांसाठी फुल पँटच घालून निघा.

वारही बघून ठेवा. म्युझियम्स रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, पण तेव्हा प्रवेश फुकट असल्याने जत्रा लोटते. बुधवारी सकाळी चौकात पोपची सभा असली की चर्च दुपारनंतरच गाठलेलं बरं.

म्हणून व्हॅटिकनला सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही वेळेचं तिकीट काढू नका. कलोसियम दुसऱ्या दिवशी.

तिकिटांवरची नावं

कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र मागतात. बुकिंग करणाऱ्या भावाने ताईचं सासरचं आडनाव टाकलेलं असतं, आणि पासपोर्टवर अजून माहेरचंच. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. शिवाय तिकिटं प्रत्येकाच्या फोनवर असू द्या. ज्याच्याकडे सगळी तिकिटं, नेमका तोच उशिरा उठतो.

एका कार्डावर चौघे

मेट्रोच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. दादा आत, बाकीचे बाहेर आणि मागे खोळंबलेली रांग, हे टाळायचं तर कागदी तिकिटं आधीच घेऊन ठेवा. १०० मिनिटं चालणारं तिकीट असतं, त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. बसमध्ये चढल्यावर ते मशीनमध्ये छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट आहे, त्यामुळे चौघांचे पासपोर्ट एकाच सॅकमध्ये नकोत.

‘कलोसियमपाशी भेटू’

कलोसियमचा घेर अर्धा किलोमीटरहून जास्त आहे. दोघं या बाजूला, दोघं त्या बाजूला, आणि इंटरनेट एकाच फोनवर. अशा वेळी ‘मी इथेच उभा आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ‘शेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी, चार वाजता’ असं नेमकं सांगा. आणि स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसून वाट बघू नका. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, दंड २५० युरोंपासून सुरू होतो.

पोट

तीन वाजता जेवायला जाल तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, ते उघडतं थेट संध्याकाळी सात-साडेसातला. मधल्या वेळेला तुकडा कापून वजनावर विकणारी पिझ्झाची दुकानं उपयोगी पडतात. बटाट्याचा पिझ्झा शाकाहाऱ्यांना चालतो आणि पोटही भरतो. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतं. सुप्पली हा तळलेला भाताचा गोळा बटाटेवड्याचा भाऊ दिसतो, पण आत बऱ्याचदा खिमा निघतो, तेव्हा विचारूनच घ्या. तिरामिसू या गोड पदार्थात कच्चं अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्या ताईला तिने खाण्याआधी सांगा, नंतर नको.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. बाटली भरता भरता भावंडांना पुन्हा लहान व्हायचं असेल तर हे जरूर करा.

हिशेब

रोजच्या खर्चाला सामाईक पाकीट ठेवा. आईस्क्रीम आणि कॉफी मात्र टीटीएमएम, कारण तीच कॉफी उभ्याने प्यायली तर एक किंमत, टेबलावर बसलं की कितीतरी जास्त. कुणाला बसायचं असतं आणि कुणाला नसतं.

तरीही बिनसलंच तर

तिथल्या तिथे समेट घडवायला जाऊ नका. दोन-तीन तास सरळ वेगळे व्हा. ज्याला झोपायचंय त्याने झोपावं, ज्याला दुकानं फिरायचीत त्याने फिरावं. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं, हा हट्ट आपल्याकडे फार. जेवायला आठ वाजता भेटा. फक्त वेगळं होण्याआधी खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारून घ्या.