पाचट-पराळीचा मिथेन: दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी

शेतातले पिकांचे अवशेष जाळल्याने कोणत्या देशात किती मिथेन सुटतो, हे फाओस्टॅटवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (फाओ) आकडेवारीच्या संकेतस्थळावर, दोन मिनिटांत मिळतं. देश निवडा, पीक निवडा, वर्ष निवडा, फाइल उतरवून घ्या. पंचाईत त्यानंतर सुरू होते, कारण त्या फाइलमध्ये प्रत्यक्ष आगीची मोजदाद नसते. असतो तो कापणी झालेल्या क्षेत्रावरून काढलेला हिशोब.

भारत आणि ब्राझीलचा ऊस घेऊ. मुंबईत बसून प्रकल्प किंवा बातमी करणाऱ्याला हे उदाहरण जवळचं पडेल. पाचट आपल्याला नवं नाही.

हिशोब कसा होतो

आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेतलं सूत्र साधं आहे: जळालेलं क्षेत्र (हेक्टर) × हेक्टरी जळणारा कोरडा पाला (टन) × २.७. उत्तर किलोत येतं, कारण एक टन कोरडा पाला जळला की २.७ किलो मिथेन निघतो असं धरलं आहे. हेक्टरी पाला गव्हासाठी ४, भातासाठी ५.५, उसासाठी ६.५ आणि मक्यासाठी १० टन.

इथे एक चूक हमखास होते. हे आकडे प्रत्यक्ष जळून जाणाऱ्या पाल्याचे आहेत. त्याच मार्गदर्शिकेत पुढे ज्वलनाचा गुणांक, म्हणजे पाल्याचा किती हिस्सा जळतो तो आकडाही दिलेला आहे (उसाला ०.८, गव्हाला ०.९). तो दिसला की लोक पुन्हा गुणतात आणि उसाचं उत्तर वीस टक्क्यांनी घसरतं. शेतात एकूण किती पाला होता हे स्वतः मोजलं असेल, तरच तो गुणांक लावा.

फाओ प्रत्येक देशात कापणी झालेल्या क्षेत्राचा १० टक्के भाग जळतो असं धरते. म्हणून तिच्या हिशोबात उसाला हेक्टरी ६.५ ऐवजी ०.६५ टन येतात. पडताळा सोपा आहे: उसाचा मिथेन कापणीच्या हेक्टरांनी भागा. भारत असो वा ब्राझील, उत्तर हेक्टरी १.७५५ किलोच येणार. ‘हेक्टरी कोण जास्त जाळतो’ असा तक्ता या फाइलवरून केलात, तर सगळे देश बरोबरीत सुटतील!

खरी मेहनत: टक्का शोधणं

ब्राझीलमध्ये हाताने तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊसच पेटवायची पद्धत होती. साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, २००७ च्या करारात कारखान्यांनी मुदती अलीकडे आणल्या आणि तोडणी यंत्रांवर गेली. आग कमी झाली, पण स्थिर टक्क्याच्या तक्त्यात मिथेन उसाच्या क्षेत्राबरोबर वरखाली होत राहतो. आपल्याकडे ऊस बहुतेक हिरवाच तुटतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना जातात आणि उरलेलं पाचट फडात पेटवलं जातं. दोन पद्धतींना एकच टक्का लावणं मला तरी पटत नाही.

टक्क्याने किती फरक पडतो तेही पाहा. भारतातलं क्षेत्र ढोबळमानाने ५० लाख हेक्टर धरलं, तर १० टक्क्यांना ८.८ किलोटन मिथेन येतो, ३० टक्क्यांना २६.३. म्हणून एकच आकडा छापू नका. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन काढा आणि दोन्ही टक्के शेजारी लिहा. देशाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालातला आकडाही बघा. भारताचा चौथा द्वैवार्षिक अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये गेला, त्यात वर्ष २०२० चं आहे. म्हणजे ब्राझीलचंही २०२० च घ्यायचं.

उपग्रहावर भिस्त ठेवायची तर जपून. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणापासून बनवलेल्या, जळालेलं क्षेत्र दाखवणाऱ्या नकाशाचा एक चौकोन ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टरचा असतो, त्यात एकरभराचा फड हरवतो. व्हिअर्स हे दुसरं उपकरण ३७५ मीटरपर्यंत उतरतं, पण ते आगीचे ठिपके देतं, हेक्टर देत नाही. शिवाय ते दिवसा दुपारी दीडच्या सुमारास वरून जातं. संध्याकाळी पेटवून रात्रीपर्यंत विझलेलं शेत निसटू शकतं.

बेरीज करताना

मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत मांडायचा असेल तर गुणक (एक टन मिथेन तापमानवाढीत किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, तो आकडा) दोन्हीकडे एकच ठेवा. चौथ्या आयपीसीसी अहवालात तो २५ होता, पाचव्यात २८, सहाव्यात जैविक मिथेनसाठी २७. एका देशाला २५ आणि दुसऱ्याला २८ लागला, की बसल्या जागी १२ टक्क्यांचा फरक तयार. अवशेष जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र या हिशोबात धरत नाहीत, कारण पुढचं पीक तो परत शोषतं.

फाओच्या या हिशोबात गहू, भात, मका आणि ऊस एवढीच पिकं आहेत. विदर्भातली पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) त्यात सापडणार नाही. भात खाचरात उभा असताना सुटणारा मिथेन वेगळ्या रकान्यात असतो आणि तो कितीतरी मोठा असतो. तो यात मिसळला की भाताचा देश आपोआप ‘हरतो’. चुलीत गेलेलं सरपण ऊर्जेच्या खात्यात जातं. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागली तशी आग कचऱ्याच्या खात्यात, मग धूर कितीही सारखा दिसो.