केस बेळगावात, घर सांगलीत: ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या खेपा अशा वाचवा

निपाणी-बेळगावकडे दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं की केस तिथल्याच कोर्टात चालते. दर तारखेला मिरजेहून गाडी काढायलाच हवी असं नाही.

1. ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या चिठ्ठीचा लगेच फोटो घ्या. आकडा, वेळ, मशीनचा नंबर दिसला पाहिजे. मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅ. अटक झाल्यास दोन तासांत डॉक्टरी तपासणी लागते, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून अटकेची आणि तपासणीची, दोन्ही वेळा लिहून ठेवा. वकिलाला पहिल्यांदा हेच लागतं.
2. लायसन्स घेतलं तर पावती मागा. कागद बहुधा कन्नडमध्ये. समजल्याशिवाय सही नको.
3. वकील त्याच कोर्टात रोज उभा राहणारा बघा. वकीलपत्राबरोबर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 228 खाली हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्या. देणं न देणं मॅजिस्ट्रेटच्या हातात.
4. सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) घ्या, तारीख ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर दिसते.

‘दंड भरून मोकळे व्हा’ असं कुणी म्हटलं तर थांबा. ती गुन्ह्याची कबुली. पहिल्या वेळी 6 महिने कैद किंवा 10,000 रुपये दंडापर्यंत, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षं आणि 15,000 पर्यंत जातं.